जुन्या संगणकात मोठी हार्ड डिस्क : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्या संगणकात जे साठवलेले आहे ते एकदा गेले तर दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

प्रश्न (पंचवटी, नाशिक) : आमचे घराणे तीर्थोपाध्यायांचे आहे. यजमानांच्या कुळांच्या नामावळीच्या वह्या आमच्याकडे आहेत. मोडीतील जुनी पाने आता हाताळताना कडेने तुटू लागली आहेत, म्हणून काही वर्षांपासून मी ती स्कॅन करून ठेवत आहे. संगणक २००४ साली घेतलेला पेंटियम ४ असून त्यात ८० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी आहे. मोठ्या आकाराच्या स्कॅनरचा ड्रायव्हर एक्सपीच्या पुढे चालत नाही, त्यामुळे संगणक बदलता येत नाही. डिस्क जवळजवळ भरली आहे. दुकानदार ४ टीबीची डिस्क घ्या म्हणतात. ती बसेल का?

उत्तर : बसेल, पण चालणार नाही. आपण १ टीबीची किंवा फार तर २ टीबीची डिस्क घ्यावी. यामागचे कारण नीट समजून घेतले तर पुढे कोणत्याही दुकानात आपला निर्णय आपल्यालाच घेता येईल, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो.

डिस्कवरील मजकूर ५१२ बाइटच्या तुकड्यांनी मोजला जातो. या तुकड्याला सेक्टर म्हणतात आणि प्रत्येक सेक्टरला एक क्रमांक असतो. आपल्या एखाद्या वहीच्या अनुक्रमणिकेत पानाच्या क्रमांकासाठी तीनच घरे आखलेली असतील, तर हजारावे पान वहीत असूनही त्याची नोंद करता येणार नाही. संगणकाचेही तसेच आहे. एक्सपीच्या नेहमीच्या ३२ बिट आवृत्तीला एमबीआर नावाच्या जुन्या पद्धतीनेच डिस्कचे भाग पाडता येतात आणि त्या पद्धतीत सेक्टरच्या क्रमांकासाठी ३२ बिट ठेवलेले आहेत. त्यात मावणारे सारे क्रमांक ५१२ ने गुणले की २.२ टीबीच्या किंचित खालचा आकडा येतो. त्यापुढची जागा वापरायची तर जीपीटी ही नवी पद्धत लागते आणि ती आपल्या एक्सपीला वाचता येत नाही. म्हणजे ४ टीबीचे पैसे देऊन निम्मी जागा पडून राहील, आणि कोणी ती डिस्क दुसऱ्या संगणकावर जीपीटीने तयार करून दिली असेल तर आपल्या संगणकावर तिच्यातले काहीच उघडणार नाही.

आपल्या कामाला १ टीबी पुष्कळ आहे. ए-४ आकाराचे पान ३०० डीपीआयला रंगीत आणि कोणतेही कॉम्प्रेशन न करता साठवले तर सुमारे २६ एमबी जागा लागते. या हिशेबाने ८० जीबीमध्ये जेमतेम तीन हजार पाने मावतात, तर १ टीबीमध्ये ३८ हजारांच्या आसपास. वहीचे पान ए-४ पेक्षा लांब असेल तर आकडा त्या प्रमाणात कमी होईल.

आता संगणकाकडे वळू. प्रथम ‘माय कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि तेथे सर्व्हिस पॅक (विंडोजच्या सुधारणांचा संच) १, २ किंवा ३ यांपैकी काही लिहिलेले आहे का ते पाहावे. काहीच लिहिलेले नसेल तर पुढचे कोणतेही पाऊल टाकू नये. त्याचे कारण दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात दिले आहे. नंतर कॅबिनेटचे झाकण काढून मदरबोर्डवर साटाची, म्हणजे डिस्क जोडण्याच्या नव्या पद्धतीची, जोडणी आहे का ते पाहावे. आपल्या सध्याच्या डिस्कची केबल चपटी आणि रुंद, ४० छिद्रांची असेल, ती आयडीई, म्हणजे जुनी पद्धत. साटाचा सॉकेट त्यापेक्षा खूपच लहान, बोटाच्या पेराएवढा असतो आणि आतली पट्टी इंग्रजी एल अक्षरासारखी वळलेली दिसते. २००३ पासूनच्या अनेक बोर्डांवर असे दोन सॉकेट होते, त्यामुळे आपल्याकडेही ते असण्याची शक्यता चांगली आहे. नसतील तर पीसीआय स्लॉटमध्ये बसणारे साटा कार्ड मिळते. बोर्डावर व्हीआयए कंपनीची व्हीटी८२३७ ही चिप असेल तर मात्र एक अडचण येते : तिला ३ गिगाबिट वेगाची डिस्क ओळखताच येत नाही. डिस्कवर वेग १.५ गिगाबिटवर आणणारा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असेल तर तो लावून काम होते, नाहीतर कार्डच घ्यावे.

जुन्या एसएमपीएसला (वीजपुरवठ्याच्या डब्याला) साटाची वीजजोडणी नसते, म्हणून चार पिनांच्या जुन्या कनेक्टरवरून साटाला वीज देणारी छोटी केबल घ्यावी लागते. ही वस्तू अगदी स्वस्त असली तरी ती पारखून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. ज्या केबलच्या साटा टोकाला तारा प्लॅस्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या असतात, तिच्यात आतल्या आत तारा एकमेकींना लागून जळण्याचे प्रकार झालेले आहेत. ज्या टोकाला प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेली दिसते, तीच घ्यावी.

डिस्क बसवण्यापूर्वी स्कॅन केलेली सर्व पाने यूएसबी डिस्कवर साध्या कॉपीने उतरवून घ्यावीत. ही बाहेरची डिस्कही २ टीबीपर्यंतचीच असावी. यूएसबी २.० ने ८० जीबीला पाऊण ते एक तास लागेल. आपली जुनी डिस्क वीस वर्षे फिरत आहे, हे लक्षात ठेवा. तिच्याकडून अवघड काम करून घेण्याआधी तिच्यातले जे मोलाचे आहे ते बाहेर यायला हवे. याच वेळी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने डिस्कची प्रकृती पाहावी. ‘रीअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरांपुढे शून्याशिवाय दुसरा आकडा असेल तर डिस्क थकली आहे असे समजावे आणि पुढचे काम लांबवू नये.

यानंतर जुन्या डिस्कची तंतोतंत प्रत नव्या डिस्कवर घ्यायची. त्यासाठी क्लोनझिला हा मोफत प्रोग्रॅम चांगला आहे; आपल्या प्रोसेसरसाठी त्याची ३२ बिटची आवृत्ती सीडीवर घ्यावी. संगणक बंद करून भिंतीतली पिन काढावी, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला क्षणभर हात लावावा आणि मग डिस्क हातात घ्यावी. ती बसवण्यासाठी जाड आट्यांचे स्क्रू लागतात. डीव्हीडी ड्राइव्हचे स्क्रू बारीक आट्यांचे असतात. ते डिस्कला जबरदस्तीने पिळले तर आटे कायमचे खराब होतात.

प्रत घेताना सर्वांत मोठा धोका यंत्राचा नसतो, दिशेचा असतो. प्रोग्रॅम विचारतो की कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर, आणि पडद्यावर दोन्हींची नावे सारखीच रुक्ष असतात. उलट उत्तर दिले तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. म्हणून झाकण लावण्यापूर्वी दोन्ही डिस्कच्या लेबलवरील सीरियल नंबर कागदावर लिहावेत, एकापुढे ‘जुनी, येथून’ आणि दुसऱ्यापुढे ‘नवी, येथे’ असे लिहावे आणि पडद्यावरील नंबर अक्षर न अक्षर जुळल्यावरच एंटर दाबावे. हे काम मी कितीतरी वेळा केले आहे, तरी तो कागद लिहिल्याशिवाय आजही करत नाही. संगणक यूपीएसवर असावा आणि वीज बंद राहण्याची सूचना आलेली असेल त्या दिवशी हे काम काढूच नये.

प्रत पूर्ण झाली की संगणक बंद करून जुनी डिस्क बाहेर काढावी आणि मगच नव्या डिस्कवरून पहिल्यांदा सुरू करावा. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना एक्सपी सुरू केले तर सी आणि डी या अक्षरांचा गोंधळ होतो आणि तो नंतर निस्तरणे त्रासाचे असते. नवी डिस्क सुरुवातीला ८० जीबीचीच दिसेल. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, कारण जुन्या भागाची हुबेहूब प्रत झालेली आहे. उरलेल्या जागेचा दुसरा भाग जीपार्टेड या मोफत प्रोग्रॅमने पाडावा. एक्सपीच्या स्वतःच्या साधनाने पाडला तर त्याची सुरुवात अशा ठिकाणी होते की आजच्या डिस्कच्या आतल्या ४०९६ बाइटच्या सेक्टरांशी ती जुळत नाही आणि प्रत्येक वेळी लिहिताना डिस्कला दुप्पट खटपट पडते. जीपार्टेड सुरुवात बरोबर जागी धरतो. हा भाग ‘प्रायमरी’ ठेवावा, फॉरमॅट एनटीएफएस करावे आणि नामावळीची पाने त्यातच ठेवावीत. फॅट३२ निवडू नये, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल राहत नाही.

काढलेली ८० जीबीची डिस्क पुसू नये. ती कागदात नीट गुंडाळून, वर तारीख लिहून कपाटात ठेवावी. यूएसबी डिस्कवरची प्रत मात्र त्याच घरात ठेवू नये. आपले घर गोदाकाठच्या पेठेत आहे आणि दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आले यावरून पुराचा अंदाज घेणाऱ्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये काठावरच्या कितीतरी घरांत आणि दुकानांत पाणी शिरले होते. एक प्रत त्र्यंबकला किंवा उंचावरच्या एखाद्या नातेवाइकाकडे असू द्यावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी ती अद्ययावत करावी. एक्सपीसाठी कंपनीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आहे, तेव्हा हा संगणक इंटरनेटला जोडू नये हेही येथेच सांगतो.

प्रश्न (नाशिक रोड) : माझ्या जुन्या संगणकात २५० जीबीची डिस्क बसवून घेतली, पण विंडोज एक्सपीमध्ये ती सुमारे १२८ जीबीचीच दिसते. दुकानदार म्हणतात, दिसते तेवढी वापरा. ते बरोबर आहे का?

उत्तर : डिस्कचा भाग १२८ जीबीच्या आतच पाडलेला असेल तर आपल्या मजकुराला आज धोका नाही, पण हा प्रश्न आहे तसा सोडून देऊ नये. जुन्या आयडीई पद्धतीत सेक्टरच्या क्रमांकासाठी २८ बिट होते. त्याने १३,७४३ कोटी बाइट, म्हणजे डिस्कच्या वेष्टनावरच्या भाषेत १३७ जीबी आणि विंडोजच्या मोजणीत १२८ जीबी, एवढीच जागा मोजता येते. पुढे ही सोय ४८ बिटची झाली. एक्सपीमध्ये ती २००२ च्या सर्व्हिस पॅक १ पासून आहे. आपली सीडी त्याआधीची असणार किंवा मदरबोर्डचा बायोस (संगणक सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम) जुना असणार. बायोस कोणत्या तारखेचा आहे ते संगणक सुरू होताना पहिल्या पडद्यावर दिसते; तेथेही डिस्क १३७ जीबीचीच दिसत असेल तर बायोस अद्ययावत करावा लागेल किंवा स्वतःचा बायोस असलेले कार्ड घ्यावे लागेल.

खरा धोका कुठे असतो ते सांगतो, कारण तो मी जवळून पाहिला आहे. माझ्या एका स्नेह्यांच्या घरी १६० जीबीची डिस्क होती आणि ती पूर्ण क्षमतेने व्यवस्थित चालत होती. व्हायरसमुळे विंडोज पुन्हा टाकावे लागले, तेव्हा आलेल्या कारागिराने स्वतःजवळची पहिल्या आवृत्तीची सीडी वापरली. डिस्कवरचा मोठा भाग आधीपासून पाडलेला होता, तो दिसला, फायली उघडल्या, सर्वांचे समाधान झाले. काही आठवड्यांनी मुलीच्या लग्नाचे व्हिडिओ त्यात उतरवताना डिस्क त्या सीमेपलीकडे गेली. क्रमांकाला २८ च घरे असल्यामुळे त्यापुढचा क्रमांक लिहिताना वरचा अंक गळून पडतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणजे शेवटी लिहायचे ते डिस्कच्या अगदी सुरुवातीला, जेथे फायलींची सारी नोंदवही असते, तेथे लिहिले गेले. पडद्यावर एकही सूचना आली नाही. दुसऱ्या दिवशी संगणक सुरूच झाला नाही. काही फोटो परत मिळवता आले, लग्नाचे व्हिडिओ मिळाले नाहीत.

म्हणून आपण असे करावे : आधी सर्व मजकूर दुसरीकडे उतरवावा, मग सर्व्हिस पॅक ३ टाकावा (त्याआधी सर्व्हिस पॅक १ किंवा २ टाकलेला असावा लागतो) आणि ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये डिस्क पूर्ण, म्हणजे २३२ जीबीच्या आसपास, दिसू लागली की उरलेल्या जागेचा वेगळा भाग पाडावा. पुढे कधीही विंडोज पुन्हा टाकण्याची वेळ आली तर कोणती सीडी वापरली जात आहे ते स्वतः विचारावे.

प्रश्न (सातपूर) : आमच्या वर्कशॉपमध्ये १९९६ चा ४८६ संगणक आहे. तो डॉसवर चालतो आणि सीरियल केबलने लेथला प्रोग्रॅम पाठवतो. ४२० एमबीची हार्ड डिस्क आता सुरू होताना खरखर करते. या जागी मोठ्यात मोठी कोणती डिस्क टाकता येईल?

उत्तर : आपल्या कामाला मोठी डिस्क नको आहे, टिकणारी डिस्क हवी आहे. तेव्हाच्या अनेक बायोसना १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यांपुढे मोजता येत नव्हते. हा गुणाकार करून प्रत्येक सेक्टरचे ५१२ बाइट धरले की ५२८ एमबी येतात. आपल्या बायोसमध्ये ‘एलबीए’ (सेक्टरांना सलग क्रमांक देण्याची पद्धत) असा पर्याय असेल तर मर्यादा वर सरकते, पण डॉस ६.२२ ला ८.४ जीबीपलीकडे काही दिसत नाही आणि त्याचा एक भाग २ जीबीपेक्षा मोठा करता येत नाही. शिवाय एवढ्या जुन्या मापाची आयडीई डिस्क आज मिळेल ती वापरलेलीच मिळेल.

त्याऐवजी ५१२ एमबीचे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड घ्यावे, शक्य तर औद्योगिक वापराचे. हे कार्ड आयडीईचीच भाषा बोलते, त्यामुळे त्याला आणि चपट्या केबलला जोडणारी एक साधी पट्टी पुरते. मध्ये कोणताही ड्रायव्हर लागत नाही. त्यात फिरणारे काही नसल्यामुळे लेथजवळची थरथर त्याला बाधत नाही. केबल लावताना तिची लाल कडा पट्टीवरील १ क्रमांकाच्या पिनेकडे असावी. डॉसमध्ये एफडिस्कने भाग पाडून तो ‘ॲक्टिव्ह’ करावा, फॉरमॅटला सिस्टिमचा स्विच द्यावा आणि मग जुन्या डिस्कवरील फोल्डर एक्सकॉपीने उतरवावेत.

एक काम मात्र आजच, हे वाचून झाल्याबरोबर करावे. संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन जुन्या डिस्कपुढे लिहिलेले सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे कागदावर उतरवून घ्यावेत आणि तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावा. बोर्डावरची बॅटरी संपली की हे आकडे पुसले जातात, आणि मग धडधाकट डिस्कही सुरू होत नाही. खरखरणारी डिस्क रोज बंद-चालू करण्याऐवजी कार्ड हाती येईपर्यंत यूपीएसवर चालूच ठेवली तर बरे. अशा डिस्क बहुधा थंड झाल्यावर पुन्हा फिरायला नकार देतात.

प्रश्न (कॉलेज रोड) : माझ्याकडे वडिलांनी दिलेला २०१२ चा लॅपटॉप आहे. त्यातली ५०० जीबीची डिस्क विंडोज ४६५ जीबीचीच दाखवते. बाकीची जागा कुठे गेली? आणि आता १ टीबीची हार्ड डिस्क घ्यावी की ५०० जीबीची एसएसडी?

उत्तर : जागा कुठेही गेलेली नाही. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, तर विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइटला एक जीबी म्हणते. ५०० भागिले १.०७४ केले की ४६५ येतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क. फिरणाऱ्या डिस्कला एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो, म्हणजे सेकंदाला शंभरएक फेऱ्या. साध्या एसएसडीला त्याच वेळात हजारो जागा वाचता येतात. त्या लॅपटॉपची साटा जोडणी ३ गिगाबिटचीच असली तरी हा फरक पहिल्याच दिवशी जाणवेल. लॅपटॉपसाठी आज मिळणाऱ्या १ टीबीच्या बऱ्याच हार्ड डिस्कमध्ये मजकुराच्या पट्ट्या कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या असतात, त्यामुळे त्या सलग लिहिताना आणखी मंदावतात.

नवी एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची असते आणि जुन्या लॅपटॉपमधील खाच बहुधा ९.५ मिलिमीटरची, म्हणून सोबत येणारी प्लॅस्टिकची चौकट टाकून देऊ नये. तिच्याशिवाय डिस्क हलते आणि कनेक्टर सैल होतो. जुन्या डिस्कची प्रत घेऊन एसएसडी लावणार असाल तर बायोसमधील आयडीई किंवा एएचसीआय ही (डिस्कशी बोलण्याच्या पद्धतीची) निवड आहे तशीच राहू द्यावी, कारण ती बदलली की आधीचे विंडोज निळ्या पडद्यावर थांबते. काढलेली ५०० जीबीची डिस्क यूएसबीच्या डबीत घालून बॅकअपसाठी वापरता येईल, पण निदान महिनाभर तिच्यातले काहीही पुसू नका; वडिलांची कोणती फाइल कोणत्या फोल्डरमध्ये राहिली आहे, ते तोवर त्यांच्यासोबत बसून एकदा पाहून घ्या.